बर्फावरच्या तंबूला खाली काय घालावं? (मी नागपुरात, तंबू अमेरिकेत)

खिंडसीचा_गळ · ९ डिसेंबर, रात्री ९:१२

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे. आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

मुलगा मिनेसोटात असतो, मिनिॲपोलिसजवळ. जानेवारीत आम्ही दोघं अडीच महिन्यांसाठी तिकडे चाललोय. हिवाळ्यात तिथले तलाव गोठतात आणि लोक त्या बर्फावर तंबू लावतात, बर्फाला भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडून बसतात. मी पस्तीस वर्षं खिंडसी नि वडगावच्या पाण्यावर गळ टाकलाय, म्हणून पोराने माझ्यासाठी हौसेने एक घडीचा तंबू घेऊन ठेवला. छत्रीसारखा उघडतो, सहा फूट बाय सहा फूट. दोन माणसं, दोन खुर्च्या नि एक गॅसचा हीटर मावतो. अस्तर आहे, खिडक्या आहेत, खिसेसुद्धा आहेत. फक्त खाली काही नाही! तळच नाही. विचारलं तर म्हणे बहुतेक असेच येतात, खालचं आपलं आपण बघायचं.

त्याने फोटो पाठवले. कंपनीचा शिवलेला तळ, त्यात भोकांच्या जागा कापलेल्या. फोमचे एकमेकांत अडकणारे चौकोन. जाड रबरी मॅट. प्लायवूड. अंगणात घालतात तसलं कार्पेट. आणि शेवटचा पर्याय म्हणजे काहीच नाही, सरळ बर्फावर पाय. "बाबा, तुम्ही ठरवा," म्हणतो. मी काय कपाळ ठरवणार! मी आयुष्यभर पाळीवर गोणपाट टाकून बसलेला माणूस.

माझ्या अडचणी अशा. डावा गुडघा बदललेला आहे, घसरलो तर संपलंच. साखर आहे, तळपाय लवकर गार पडतात. आणि सगळं सामान पोरगा प्लास्टिकच्या घसरगाडीवर हाताने ओढत नेणार, कारण गाडी बर्फावर न्यायला सूनबाईंची परवानगी नाही.

इथून काही नेता येईल का? हिचं म्हणणं, बॅगेतली जागा पापड-कुरडयांची आहे.

तर्रीबाज · ९:२०

काका, मासा बर्फातूनच काढायचा असेल तर आमच्या घरी या. डीप फ्रीजर आहे, खाली फरशीपण आहे.

इतवारीचा_भाऊ · ९:३१

काय राजेहो! २०१८ च्या २९ डिसेंबरले नागपुरात ३.५ डिग्री झालं होतं तं आमच्या गल्लीत तीन दिवस कोनी आंघोय नाई केली. अन तुमी उणे वीसमंदी मासोया धराले जाऊन राहिले. मी तं म्हनतो गाद्याच घेऊन जा, खाली तीन अन वरतं तीन.

कनातवाला · १०:०५

मंडप डेकोरेशनचा धंदा आहे माझा, नंदनवनला. बर्फ पाहिला नाही, पण ओल्या जमिनीवर माणसं कशी घसरतात हे दर लग्नसराईत बघतो. एकच सांगतो, प्लास्टिकची ताडपत्री अंथरू नका. खालून ओल, वरून बूट, माणूस थेट वधूच्या मांडीवर. आम्ही पावसाळी लग्नात तख्त टाकतो, वर मॅटिंग ठोकतो. तुम्हीपण प्लाय टाका, वर कार्पेट. पाय गार लागणार नाही, खुर्ची डगमगणार नाही.

लाकूडवाला_लकडगंज · १०:४०

प्लायचा माल मी विकतो, तरी मीच म्हणतो नका नेऊ. आठ बाय चारची बारा एमएमची शीट सरासरी वीस किलोच्या आसपास भरते. सहा बाय सहाला शीट नि वर तुकडा, म्हणजे पंचवीसेक किलो. तेही कापून, बिजागऱ्या लावून, नाहीतर घसरगाडीवर बसणार नाही. आणि कडांना पाणी पिऊन ते फुगणार. तिथे मोठ्या लाकडी खोल्या चाकांवर नेऊन हिवाळाभर ठेवतात म्हणे, त्यांना प्लाय ठीक. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्याला नाही.

विनिपेगची_सून · ११:२८

काका, मी मूळची मनीषनगरची, आता नऊ वर्षं कॅनडात, विनिपेगला. नवऱ्याला या मासेमारीचं व्यसन आहे. मी सुरुवातीला फक्त थर्मासमधला चहा प्यायला जायचे, आता माझी स्वतःची दांडी आहे. आमचा तंबू तुमच्याच जातीचा, थोडा मोठा. तीन हिवाळ्यांत तीन तळ करून झालेत म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी कार्पेट नेलं, कनातवाले दादा म्हणतात तसं. पहिले दोन तास स्वर्ग. मग भोकातून ऑगर (बर्फाला भोक पाडायचं गिरमिट) वर काढताना पाणी आलं, चाळणीने भुगा काढताना आलं, मासा वर आला तो बादलीभर पाणी घेऊन आला. ते सगळं कार्पेट प्यायलं. संध्याकाळी हीटर बंद केला, सामान भरेपर्यंत वीस मिनिटं गेली, तेवढ्यात ते खाली बर्फाला चिकटलं. नवऱ्याने फावड्याने खरवडून काढलं, अर्धं फाटलं. उरलेलं गुंडाळता येईना, पत्र्यासारखं ताठ झालेलं. ते उभंच गाडीत घातलं नि घरी येईपर्यंत माझ्या मांडीवर वितळत होतं.

दुसऱ्या वर्षी चिडून काहीच घातलं नाही. खूप लोक घालतही नाहीत, बर्फावर थोडा भुसभुशीत बर्फ पसरून पायाने दाबून घेतात. उणे पंचवीसला, हीटर नसताना, ते झकास चालतं. बर्फ कोरडा असतो, बूट करकर वाजतात, घसरतही नाही. पण हीटर लावला की तासाभरात तंबूत चिखल. आम्ही याला स्लश म्हणतो, उसाच्या रसातला बर्फाचा चुरा असतो ना, तसा. तुमच्या गुडघ्याला तो अजिबात नको.

तिसऱ्या वर्षापासून फोमचे चौकोन. लहान पोरांच्या खोलीत ए-बी-सी-डीवाले असतात, तेच, फक्त काळे नि जाड. दोन फूट बाय दोन फूट, अर्धा इंच. सहा बाय सहाला नऊ लागतात. नऊही काखेत मारून नेता येतात. पाणी पीत नाहीत. चिकटले तरी एक-एक करून उचलता येतात, वाकवलं की बर्फ कडकन सुटतो.

एक मात्र करा, नऊच्या नऊ अंथरू नका. आम्ही चारच घालतो, खुर्च्यांखाली आणि पायांखाली. भोकाजवळ उघडा बर्फ ठेवतो. पाणी तिथेच सांडतं नि तिथेच गोठतं.

तर्रीबाज · ११:३५

"मांडीवर वितळत होतं" इथे मी चहा सांडला. कार्पेटवरच.

गोठा_काटोल · १० डिसेंबर, सकाळी ६:१०

आमच्याकडे गाई-म्हशींखाली रबरी मॅट घालतात. मूत, शेण, पाणी, काही शोषत नाही. वर खाचा असतात, जनावर घसरत नाही. म्हैस घसरत नाही तर माणूस काय घसरेल? पाच-सात वर्षं टिकते. काका, तुमच्या गुडघ्याला हेच बरोबर.

विनिपेगची_सून · सकाळी ७:०२

@गोठा_काटोल दादा, इथे घोड्यांच्या तबेल्यातली तशीच मॅट मिळते आणि काही लोक वापरतातही. पकड एक नंबर. पण चार बाय सहाची पाऊण इंची एक मॅट पंचेचाळीस किलोच्या घरात जाते. गाडीने तंबूपर्यंत जाणाऱ्यांचं ते काम. काकांचा पोरगा ओढणार आहे हाताने. एक मॅट, एक म्हातारा नि एक हीटर ओढायचा तर म्हैसच लागेल.

गोठा_काटोल · ७:१५

म्हैस पाठवतो. व्हिसाचं तुम्ही बघा.

नववीचे_सर · सकाळी १०:२०

विज्ञान शिकवतो म्हणून हौसेने लिहितो.

लोकांना वाटतं खालून गारवा "वर येतो". तसं नसतं. तुमच्या पायातली उष्णता खाली जाते, आणि किती वेगाने जाते ते मधल्या वस्तूवर ठरतं. फोमच्या तुलनेत बर्फ उष्णता सुमारे ५० पट सहज वाहून नेतो. फोममध्ये बंद हवेचे बारीक कप्पे असतात, ते तिला अडवतात. प्लायवूड मधलं, म्हणजे त्याच जाडीचा फोम त्याच्या साधारण तिप्पट अडवतो. त्यामुळे अर्धा इंच फोम म्हणजे दीड इंच लाकूड असं ढोबळ गणित धरा. रबर या कामात फोमच्या बरंच मागे आहे, कारण ते भरीव असतं.

आता उलटी बाजू. हीटरची उष्णताही खाली जाते आणि बर्फाला वितळवते. फोम तिलाही अडवतो. म्हणून ताईंच्या तंबूत फोम घातल्यावर स्लश कमी झाला असणार. एकच वस्तू, काम दोन्हीकडून.

आणि मुलांना मी हे दरवर्षी विचारतो: तलाव वरून का गोठतो, खालून का नाही? पाणी सर्वांत जड असतं ४ अंशांना. त्याहून गार झालं की ते हलकं होऊन वर राहतं आणि वरच गोठतं. तळाला ४ अंशांच्या आसपासचं पाणी उरतं. मासे जगतात ते त्यामुळे. नाहीतर काकांना गळाऐवजी कुदळ न्यावी लागली असती.

इतवारीचा_भाऊ · १०:३४

सर, आमाले तुमच्यासारखे सर असते तं आमी बी आज विनिपेगले असतो.

कळमना_कोल्ड · दुपारी १:५०

कळमन्याकडे एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होतो, बारा वर्षं. फ्रीझरच्या खोलीत आठ-आठ तास उभं राहायचं. सरांचं गणित बरोबर, पण त्यात एक भर. फोमवर वजन पडलं की तो दबतो. दबला की हवा गेली, हवा गेली की गरमपणा गेला. खुर्चीचे चार पाय फोमला चार खड्डे पाडतील नि काका तिरके बसतील. आम्ही मालाचा लाकडी पॅलेट उलटा टाकून त्यावर उभे राहायचो. फळ्यांच्या मधे फट, पाणी खाली जातं, पाय कोरडा. गोणपाटही टाकून पाहिलं, ते ओलं होऊन दगड व्हायचं. ताईंच्या कार्पेटसारखंच.

तर माझा सल्ला, खाली फोम आणि फक्त तळपायांखाली एक छोटी लाकडी फळी. देवासमोरचा पाट असतो तेवढी.

खिंडसीचा_गळ · दुपारी ३:१५

पाट! घरी शिसवी पाट आहे, सासूबाईंचा. हिला विचारलं. उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

शाकाहारी_सदर · दुपारी ४:०५

एवढा उपद्व्याप करून एक जीव मारायचा. त्या बिचाऱ्याला वाटलं असेल वरून दार बंद आहे, आता तरी सुखाने राहू.

तर्रीबाज · ४:११

दाराला बेल लावा.

डोंगा_उमरेड · रात्री ८:४५

शाकाहारी भाऊंना नमस्कार, पण आमचं पोटच त्यावर आहे. आम्ही ढिवर. आजा-बापापासून तलावावर. बर्फावर कधी गेलो नाही, मासोळीचं मात्र थोडंफार समजतं, तेवढ्यापुरतं लिहितो.

थंडीत मासोळी सुस्त होते. आमच्याकडे डिसेंबरात पाणी गार झालं की रोहू, कतला खाणं कमी करतात, खोल जाऊन बसतात. जी सुस्त आहे ती आवाजाने बिथरली तर गळाजवळ येतच नाही. डोंग्यात वल्हं आपटलं तर बाप टपली मारायचा. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, आणि तिथे तर तुम्ही मासोळीच्या छतावरच बसलेले. प्लायवर बूट आपटला म्हणजे तिच्या डोक्यावर ढोल. म्हणून फोम बरा. पायासाठी कसाही असो, गपगार बसायला बरा.

दुसरं, उजेड. बर्फ काचेसारखा असेल नि वर बर्फाचा भुगा नसेल तर खालून वर दिसत असेल ना? सावली हलली की मासोळी सरकते. काळा फोम असला तर तेवढी जागा झाकली जाईल.

विनिपेगची_सून · रात्री १०:५८

डोंगादादा, तुम्ही न येता हे ओळखलंत! पाणी पाच-सहा फूट असेल तिथे हा फरक मोठा पडतो. आमच्या शेजारच्या तंबूत एकाची मुलं नाचत होती, आमचे पर्च मासे गायब. तीस फूट पाण्यावर एवढं जाणवत नाही. उजेडाचंही खरं आहे. लोक स्वच्छ बर्फावरचा भुगा मुद्दाम झाडत नाहीत.

निवृत्त_हवालदार · ११ डिसेंबर, पहाटे ५:२०

लडाखमध्ये दोन हिवाळे काढले. तिथे शिकवलेलं आजही करतो, अंगावर एक पांघरूण तर अंगाखाली दोन. वरची थंडी कपड्याने थांबते, खालची माणसाला शोषते. तंबूत नवीन पोरगा आला की सगळं अंगावर घेऊन झोपायचा नि सकाळी कुडकुडत उठायचा.

पण मला तळापेक्षा दोन दुसऱ्या गोष्टींची काळजी वाटते.

एक, हीटर. बंद तंबूत गॅस जाळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, झोप येते, माणूस समजतो थंडीने आली. वरची खिडकी नेहमी उघडी ठेवा, खालचीही थोडी, आणि बॅटरीवरचा अलार्म घ्या. तळ हवाबंद करण्याच्या नादात चारी कडा बर्फाने लिंपू नका. आणि हीटर फोमवर ठेवू नका, वितळेल किंवा पेटेल. त्याच्याखाली पत्रा किंवा फळी.

दोन, बर्फाची जाडी. तळ कसला घालता हे नंतर, त्याखाली काय आहे ते आधी.

नववीचे_सर · सकाळी ७:४०

हवालदार साहेबांना पूर्ण अनुमोदन. जाडीबद्दल: मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या सूचनेत पायी चालायला नव्या, स्वच्छ बर्फाचे किमान ४ इंच सांगितलेत. छोट्या मोटारगाडीला ९ ते १०. आणि हे आकडे पारदर्शक बर्फाचे. पांढरा, दुधी बर्फ असेल तर त्याची ताकद साधारण निम्मी, म्हणून जाडी दुप्पट धरायची. झरे, नाल्याची तोंडं, पुलाखालचा भाग या ठिकाणी एकाच तलावात दहा पावलांवर जाडी बदलते.

विनिपेगची_सून · सकाळी ७:५५

हो, आणि वर बर्फ खूप पडला असेल तर त्याच्या वजनाने तलावाचा बर्फ खाली दबतो. भोक पाडलं की त्यातून पाणी वर येऊन पसरतं. अशा दिवशी आमचे चारही चौकोन तरंगत होते. तेव्हा कुठलाच तळ कामाचा नाही, जागा बदलायची.

मेडिकल_चौकातली_सिस्टर · दुपारी १२:३०

काका, साखर आहे लिहिलंत ते कोणीच धरून बसलं नाही. तळपायांना मुंग्या येतात का, बधिर वाटतात का? वाटत असतील तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. गारठून पाय पांढरा पडला तरी तुम्हाला कळणार नाही. आणि हीटरपुढे पाय नेला, भाजला, तरी कळणार नाही. दुसरं जास्त होतं. दर अर्ध्या तासाने बूट काढून बघायला मुलाला सांगा, लाजू नका. बूट एक नंबर मोठे घ्या. घट्ट बुटात दोन मोजे घातले की रक्तच पोचत नाही, मग खाली फोम असो नाहीतर गालिचा.

जायच्या आधी डॉक्टरांना पाय दाखवून या.

खिंडसीचा_गळ · दुपारी २:००

सिस्टर, बधिर वाटतात. डाव्याचा अंगठा जास्त. उद्याच दाखवतो. हे मी घरी बोललो नव्हतो, आता हिने वाचलं. बोलणी खाऊन झाली, धन्यवाद.

कनातवाला · दुपारी ३:३०

माझं कार्पेट सगळ्यांनी मिळून बुडवलं, हरकत नाही. पण कंपनीच्या शिवलेल्या तळाबद्दल कोणी बोललं नाही. त्याचं काय वाईट आहे? मापाचा असतो, भोकं तयार.

विनिपेगची_सून · रात्री ९:४०

वाईट काही नाही दादा. वारा खालून येत नाही, घडी होते, हलका असतो. आमच्या ओळखीतले एक आजोबा तोच वापरतात. अडचण अशी की तुमची भोकं त्याने ठरवलेल्या जागीच पाडावी लागतात. आणि तो कापडाचा पातळ थर आहे, ओल अडवतो, गारवा नाही. म्हणून लोक त्यावर परत फोम टाकतात. मग आधी फोमच का नको?

भोकांचा क्रम सांगते, हे कुठे लिहिलेलं सापडत नाही. आधी भोकांच्या जागेपुरता बर्फावरचा भुगा बाजूला करायचा. मग भोकं पाडायची, चाळणीने साफ करायची, निघालेला चुरा तंबूच्या बाहेर जाईल एवढा लांब ढकलायचा. मग वरून तंबू उघडायचा, कोपरे बर्फात स्क्रूने आवळायचे. फोम सगळ्यात शेवटी. आधी फोम घालून मग ऑगर चालवला की सगळा चुरा फोमवर.

ज्यांना पूर्ण तळ हवाच असतो ते चौकोनात गोल कापतात. भोक आठ इंचाचं असेल तर फोम बारा इंच कापा, नाहीतर मासा वर येताना दोरी कडेला घासते. कापलेली चकती फेकू नका. उठून जाताना भोकावर ठेवता येते, कोणाचा पाय जात नाही.

आणि बुटाला खिळ्यांची पट्टी लावत असाल, काकांनी लावावीच, तर ती तंबूच्या दारात काढा. आमचा पहिला फोम तिनेच किसला.

इतवारीचा_भाऊ · रात्री १०:०५

मंजे बर्फावर खिळे, फोमवर मोजे. आमच्या बुढीच्या सैपाकघरापेक्षा कडक कायदे हायेत.

तर्रीबाज · रात्री १०:१२

कायद्यावरून आठवलं, तिकडे गळ टाकायला परवाना लागतो ना? खिंडसीला तर संस्थेच्या माणसाला चहा पाजला की झालं.

विनिपेगची_सून · रात्री १०:३०

लागतो. काका पाहुणे आहेत, त्यांना बाहेरच्यांसाठीचा वेगळा परवाना काढावा लागेल. ऑनलाइन मिळतो. मिनेसोटात बर्फावर एकाला दोन गळ चालतात. घडीच्या तंबूला, तुम्ही तिथेच बसलेले असाल तर, वेगळा परवाना लागत नाही. ठेवून गेलात तर लागतो. आणि चहा सगळ्यांनाच पाजावा लागतो, इतकी थंडी असते.

सावजी_प्रेमी · १२ डिसेंबर, रात्री ८:००

एवढी चर्चा झाली, कोणी विचारलं नाही की तिकडच्या त्या वॉलाय माशाचा सावजी रस्सा होतो का?

विनिपेगची_सून · रात्री ९:१०

होतो. मऊ, पांढरा, काटे कमी. पण तो फार हलका मासा आहे, मसाल्याखाली बेपत्ता होतो. पाइक माशाला मधे वाय आकाराचे काटे असतात पण चव टिकते. मी नागपूरहून येताना काळा मसाला आणते, एक किलो. विमानतळावर दरवेळी उघडून वास घेतात नि शिंकतात.

डोंगा_उमरेड · रात्री ९:२५

मरळ मिळते का तिकडे? तिच्यापुढे सगळे फिके.

(इथून पुढे मरळ, वाघूर आणि "सावजीत खोबरं किती" यावर ४१ प्रतिसाद झाले. पाककृतींच्या दालनात हलवले आहेत. कृपया तळावर या. — संपादक)

खिंडसीचा_गळ · १५ डिसेंबर, सायंकाळी ६:४५

सर्वांचे आभार. ठरलं ते असं. फोमचे सहा चौकोन, तिथेच घेणार. हीटरखाली पत्रा. पायाखाली फळी, पाट नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पोराने आजच मागवला. डॉक्टरांनी पाय पाहिले, जायला हरकत नाही म्हणाले पण एका वेळी दोन तासांच्या वर नको. इथून फक्त पापड जात आहेत.

लाकूडवाला_लकडगंज · ६:५८

फळी माझ्याकडून घेऊन जा, सागाची, फुकट. तेवढंच लकडगंजचं लाकूड अमेरिकेच्या तलावावर.

खिंडसीचा_गळ · २६ जानेवारी, रात्री १०:२० (इथे सकाळ आहे)

काल जाऊन आलो. उणे एकोणीस. बर्फ पोराने तीन ठिकाणी भोक पाडून मोजला, चौदा इंच, स्वच्छ. मी प्रत्येक वेळी वाकून बघितलं. तलावावर चाललोय हे डोक्याला पटतं, पायांना नाही. पहिली वीस पावलं मी हिचा हात धरून, ती पोराचा.

तळाची गोष्ट. सहा चौकोन नेले, चार घातले, ताई बरोबर होत्या. गाडीतून गरम काढले तेव्हा मऊ होते, अर्ध्या तासात तळलेल्या पापडासारखे ताठ. चौकोनांच्या कडांच्या दातांत बर्फ अडकला की एकमेकांत बसत नाहीत, त्यासाठी जुना टूथब्रश न्यावा, हे कोणी सांगितलं नव्हतं. खुर्चीचे पाय खरंच रुतले. कळमन्याच्या भाऊंची आठवण काढून सागाची फळी खुर्चीखाली सरकवली. मग माझ्या पायाखाली काही उरलं नाही, तर उरलेले दोन चौकोन एकावर एक घातले. ते फळीपेक्षा गरम लागले. सर, तुमचे गुण वाढवले.

दारातच एक चूक झाली. दोन चौकोन बाहेर बर्फावर ठेवले होते, वाऱ्याने एक उडाला आणि तलावभर गेला. पोरगा मागे धावला. दोन तंबू सोडून एका गोऱ्या आजींनी पायाखाली दाबून धरला नि परत दिला. त्यांच्या तंबूत खाली काय होतं ते बघून आलो. काहीच नाही. नुसता दाबलेला भुगा आणि लाकडाची एक पेटी, त्यावर पाय. चाळीस वर्षं तसंच बसतात म्हणाल्या.

मेडिकल_चौकातली_सिस्टर · रात्री १०:३१

पाय कसे आहेत?

खिंडसीचा_गळ · रात्री १०:४०

उत्तम. दर अर्ध्या तासाने हिनेच बूट काढून तपासले. तंबूत त्यापेक्षा जास्त हालचाल झाली नाही.

डोंगा_उमरेड · रात्री १०:४४

मासोळी?

खिंडसीचा_गळ · रात्री १०:५२

एक पर्च, वीतभर. पट्टेवाली, सुंदर. हिने बघितली, म्हणाली एवढ्याशीला काय खायचं, सोड. सोडली. शाकाहारी भाऊंनी नोंद घ्यावी.

तर्रीबाज · रात्री १०:५५

म्हणजे दीड महिना आणि शंभर प्रतिसाद लावून एक वीतभर मासा आणि तोही परत दिला.

खिंडसीचा_गळ · रात्री ११:०५

शिवाय चकत्या. पोराने हौसेने दोन चौकोनांना गोल कापले होते, भोकावर झाकायला. त्या दोन्ही चकत्या हिने काल रात्री धुऊन ठेवल्या. आता गरम पातेल्याखाली आहेत. पुढच्या शनिवारी जाणार आहोत, भोकावर काय झाकू ते सांगा.